मधल्या खोलीची चादर

शेवटच्या थांब्यावर गाडीतून उतरणारा माणूस पाठीवरची पिशवी सावरत आधी डोंगराकडे बघायचा आणि मग पाट्यांकडे. डोंगर बघून त्याचं तोंड उघडं राहायचं आणि पाट्या बघून ते मिटायचं. पायथ्यापासून थेट रानाच्या कडेपर्यंत भाताची खाचरं पायरीवर पायरी चढत गेली होती. प्रत्येक पायरीला दगडी बांध होता आणि मधूनमधून खोल्या भाड्यानं देणारी घरं होती. अशी सात घरं, म्हणून सात पाट्या. ‘हवेशीर खोल्या’, ‘चोवीस तास गरम पाणी’, ‘खिडकीतून खाचरांचा देखावा’. सातही पाट्या एकाच रंगाऱ्यानं रंगवल्या होत्या, त्यामुळे थापासुद्धा सगळ्यांच्या एकाच वळणाच्या होत्या.

खरं काय ते एकाच बाईला ठाऊक असायचं. सातही घरांच्या चादरी तिच्याकडे धुवायला येत.

तिला सगळे मावशी म्हणत, तिच्यापेक्षा मोठेसुद्धा. वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत ती लोकांच्या खाचरांत लावणीला जायची. मग गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं, चिखलात वाकून काम करणं बंद. “मग काय आडवं पडून लावणी करू?” असं डॉक्टरांनाच विचारून ती घरी आली आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही. नवरा गवंडी होता. चुना-सिमेंट न लावता नुसता दगडावर दगड बसवून बांध रचायचा. त्याला डाव्या कानानं ऐकू येत नसे आणि उजव्या कानानं जे ऐकू येई त्यातल्या निम्म्याला तो उत्तर देत नसे. तिसऱ्या दिवशी तो झऱ्याखालच्या टाकीपाशी गेला, दिवसभर खपला आणि कमरेइतक्या उंचीचा एक ओटा बांधून आला. वर धुण्याचा सपाट दगड. “उभ्यानं धू,” एवढंच म्हणाला. त्या ओट्यावर मावशीची पुढची चौदा वर्षं गेली.

चौदा वर्षांत चादरी बघून घर ओळखायची तिला सवय झाली. थांब्याजवळच्या घरात दहा पाहुणे राहिले तरी चारच चादरी यायच्या, म्हणजे उरलेल्या सहा उलट्या करून पुन्हा अंथरल्या. वळणावरच्या जोडघराच्या चादरी स्वच्छ, पण पुढच्या खोलीतल्या नेमक्या पिळून दोरी झाल्यासारख्या. त्या खोलीखाली भाताची गिरणी होती आणि वर झोपणारा माणूस नुसता कुशी बदलत राहायचा. एखाद्या घराच्या चादरीच्या कडेला तपकिरी ठिपके दिसले की ती चादर मावशी काठीनं उचलून थेट उकळत्या सोड्यात टाकायची आणि त्या घराबद्दल महिनाभर कोणाला चांगलं बोलायची नाही.

थांब्यावरून वर जाणारी वाट टाकीला लागूनच जात होती. दोरीवर पांढऱ्या चादरींची रांग बघून पाहुणे थांबायचे आणि विचारायचे, स्वस्तात बरी खोली कुठे मिळेल? मावशी आधी माणसाकडे बघायची, मग त्याच्या बुटांकडे, मग सांगायची. “जोडघरात जा, पण मागची खोली मागा. पुढची दिली तर भांडा.” तिचं सांगणं सहसा चुकत नसे. थांब्याजवळचं घर मात्र तिच्या सख्ख्या नणंदेचं, आणि तिथे ती कोणाला पाठवत नसे.

“वहिनी, घरचीच माणसं अशी मुळावर उठली तर बाहेरच्यांना काय बोलायचं?” नणंद कंबरेवर हात ठेवून विचारायची.

“तू चादरी बदल, मी बोलणं बदलते,” मावशी म्हणायची आणि पुढची चादर आपटायला घ्यायची.

सगळ्यात वर, रानाच्या कडेला, पोस्टमनकाकांचं घर होतं. तीस वर्षं हा डोंगर पायांखाली घालून माणूस निवृत्त झाला आणि मग खाली उतरायला नको म्हणून अगदी वर जाऊन राहिला. बायको गेलेली, मूलबाळ नव्हतं. घराला तीन खोल्या ओळीनं, त्यातल्या दोन ते भाड्यानं देत. सातही घरांत स्वस्त तेच आणि चादरी सगळ्यांत निगुतीनं वापरलेल्या. पण तिथे जायला साडेतीनशे दगडी पायऱ्या होत्या. पाहुणे निम्म्यात बसायचे आणि जे घर समोर दिसेल तिथे शिरायचे. काकांना माणसाची संगत लागायची आणि ती मिळत नसे. त्यांच्या चादरी तारेवरून यायच्या: वर एक कप्पी, खाली टाकीजवळ एक, आणि मधे हेलकावे खात उतरणारी टोपली. आठवडा आठवडा ती टोपली रिकामी लटकायची, ते बघून मावशीचा जीव तुटायचा.

दोन वर्षांपूर्वी लावणीआधी खाचरांत पाणी सोडलं होतं, तेव्हाची गोष्ट. दुपारच्या गाडीतून एक बाई उतरली. पंचेचाळिशीची, अंगानं जरा भरलेली, एकटीच. तिनं नणंदेच्या घरातली मागची खोली बघितली, पिशवीही तिथे ठेवली आणि पाय मोकळे करायला टाकीपर्यंत आली. दोरीवरच्या एका चादरीला तिनं नाक लावलं आणि हसली.

“ही कोणत्या घरातली हो, मावशी?”

“ही वरच्या. काकांच्या. तुम्ही कुठे उतरलात?”

“हे काय, इथे खालीच. मला चढवत नाही फार.”

मावशीनं टोपलीकडे बघितलं. अकरा दिवसांनी ती आज खाली आली होती, तीही या एका चादरीपुरती.

“अहो, एवढ्या लांब येऊन थांब्यासमोर झोपणार? सकाळी उठून काय बघाल, गाडीचा धूर? वर जा. एकदाच चढायचंय, थांबत थांबत जा. मधली खोली घ्या. खिडकी उघडली की खाली सगळं पाणीच पाणी.”

“पाण्याचा आवाज येतो का?” बाईनं विचारलं. “मला त्या आवाजात झोप लागत नाही. लहानपणापासून.”

“थेंबाचा आवाज नाही. पाट लांबून गेलाय. माझी जबाबदारी.”

बाईनं पिशवी परत घेतली. नणंदेनं त्या दिवशी दारातून मावशीकडे जे बघितलं, ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. सात रात्री राहते असं बाईनं काकांना सांगितलं, मधली खोली घेतली. पहिल्या सकाळी खिडकीत उभी राहून ती चहा गार होईपर्यंत नुसती बघत होती, असं काका नंतर सांगत.

चौथ्या दिवशी रानात ढग कोसळल्यासारखा पाऊस झाला आणि दुपारी घरामागची दरड सुटली. घराला दोन हातांवरून हुकली. चिखल वाट घेऊन खालच्या दोन खाचरांत उतरला. काका किराणा आणायला खाली आले होते. पळत वर गेले तर घर जागेवर, खोली जागेवर, पिशवी खुंटीला, आणि बाई नाही. तिचे बूट नव्हते, म्हणून सगळ्यांनी धरलं की ती रानाकडे फिरायला गेली असणार. आठ दिवस माणसं रान आणि ओढा पालथा घालत होती. मग आणखी दरड येऊ नये म्हणून मावशीच्या नवऱ्यानं घरामागे, सुटलेल्या मातीला टेकून नवी दगडी भिंत रचली. अकरा दिवसांत पुरी केली.

बाईचा भाऊ आला. पिशवी घेऊन परत जाताना तो टाकीपाशी थांबला. त्यानं आरडाओरडा केला नाही, रडला नाही. एकच विचारलं.

“खोली तिनंच निवडली होती ना?”

“हो,” मावशी म्हणाली. “तिनंच.”

त्या दिवसापासून मावशीनं खोली सुचवणं बंद केलं. कोणी विचारलं तर मान खाली घालून म्हणायची, “सगळी बरी आहेत.” लोकांना वाटलं, वय झालं. नणंदेला वाटलं, अक्कल आली.

दोन वर्षं अशी गेली. यंदा पुन्हा खाचरांत पाणी भरलं आणि एका सकाळी वरची टोपली हेलकावत खाली आली. आत एक चादर होती.

मावशीला बरं वाटलं. दरड कोसळल्यापासून काकांकडे कोणी फिरकलं नव्हतं. चला, एक तरी पाहुणा लागला. तिनं चादर धुतली, नीळ दिली, दोरीवर टाकली. दुपारपर्यंत कडकडीत ऊन होतं. चारच्या सुमाराला ती चादरी काढायला गेली, बाकीच्या पापडासारख्या वाळल्या होत्या. वरच्या घराची चादर चारी बाजूंनी वाळली होती आणि मधे ओली होती. तिनं आणखी तासभर ठेवली. सूर्य डोंगरामागे गेला. मधला भाग तसाच.

डाग असता तर ती खसाखसा घासून मोकळी झाली असती. हा डाग नव्हता, नुसता ओलेपणा होता. तिनं हात लावला, तर थंडगार. नाक लावलं, तर खाचराच्या तळाला पाय रुतल्यावर येतो तो वास.

दुसऱ्या दिवशी तिनं चादर सोड्यात उकळली, पिळली, पुन्हा टाकली. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर ती आपोआप वाळली, आणि मावशीनं घडी घालून टोपलीत ठेवून वर पाठवली. आठवड्यानं टोपली पुन्हा खाली आली.

या खेपेला तिनं चादर दोरीवर पूर्ण पसरली आणि मागे सरून बघितली. ओल्या भागाला आकार होता. कुशीवर झोपलेल्या माणसाएवढा. गुडघे पोटाशी घेतलेले, डोकं उशीच्या जागी. मावशीनं दोन चिमटे काढून चादर ओढून ताणली, की सुरकुत्यांमुळे तसं दिसत असेल. आकार हलला नाही.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला बोलावलं. त्यानं तळवा टेकवला, दगडावर टेकवतो तसा, आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

“कापड जुनं झालंय,” तो म्हणाला.

“जुनं कापड गुडघे दुमडून झोपतं का?”

त्यानं हात पँटला पुसला आणि तो घरात गेला. पण त्या रात्री जेवताना तो उजवा हात सारखा चोळत होता.

तिसऱ्या आठवड्यात झोपणारं माणूस उताणं होतं आणि एक हात चादरीच्या कडेपर्यंत लांब केला होता. त्या दिवशी नणंद आपल्या चादरींचा गठ्ठा घेऊन आली होती. दोरीकडे बघून ती जागीच थांबली. गठ्ठा छातीशी धरून ती आली तशी परत फिरली, आणि पहिल्यांदाच तिनं घरच्या नळावर स्वतःच्या हातानं चादरी धुतल्या.

“वरती कोण राहतंय, ते जाऊन बघ,” परत फिरताना ती एवढंच म्हणाली होती. “आणि वहिनी, एकटी जाऊ नकोस.”

मावशी एकटीच गेली. नवरा दुसऱ्या कामावर होता, आणि खरं सांगायचं तर तिला सोबत नकोच होती. साडेतीनशे पायऱ्या चढायला तिच्या गुडघ्यांना पाऊण सकाळ लागली. वर जाताजाता धुकं आलं. धुक्यात खाचरं दिसेनाशी झाली. फक्त बांधाच्या अगदी कडेचं पाणी दिसे, आणि त्या पाण्यात तिचेच पाय उलटे चालताना. एकदा तिला वाटलं, पायांची आणखी एक जोडी एक पायरी खालून येते आहे. ती थांबली, तेव्हा तीही थांबली. मावशीनं मग पाण्याकडे बघायचं सोडलं.

काका ओसरीवर बसले होते. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी चहा टाकला, खुर्ची पुसली. मावशीनं सरळ विचारलं.

“काका, मधल्या खोलीत कोण राहतं?”

“कोणी नाही.”

“मग चादर कोणाची येते?”

काकांनी कपात बघत सांगितलं, जसं काही हवापाण्याचंच सांगत होते. “आठवड्यातून एकदा सकाळी अंथरूण वापरलेलं असतं. मी रोज दार लावतो, कडी घालतो. सकाळी कडी तशीच असते आणि अंथरूण चुरगळलेलं. मी चादर काढतो, तुझ्याकडे पाठवतो. पाहुणा झोपून गेला की चादर बदलायची, नाही का?”

“पण कोण?”

“मी विचारलं नाही. पाहुण्याला फार विचारू नये.” ते थांबले. “सात रात्री राहते म्हणाली होती. तीनच राहिली. उरलेल्या पुऱ्या करत असेल, असं मी धरून चाललोय.”

“किती झाल्या मग?”

“मी मोजत नाही गं. मोजल्या तर संपतील.”

मावशीच्या अंगावर काटा आला, तो त्या बाईच्या विचारानं नव्हे. या एकट्या म्हाताऱ्या माणसाला भीती वाटत नव्हती, उलट सोबत वाटत होती, त्यानं आला. तिच्यासाठी तो रात्री तांब्यात पाणी भरून ठेवत होता. दिव्याची वात कमी करून ठेवत होता.

तिनं मधल्या खोलीचं दार उघडलं. लोखंडी पलंग, गादी, घडी घातलेली गोधडी, भिंतीला खुंटी. जमीन सुकी. तिनं गादी दाबून बघितली, उलटून बघितली. खडखडीत कोरडी होती. खिडकीबाहेर नुसतं धुकं. ती पलंगाच्या कडेला बसली, आणि बसल्यावर तिला आवाज आला.

पाण्याचा. अगदी बारीक, सतत, मडक्याला भेग गेल्यावर येतो तसा. उठून उभी राहिली तर थांबे; बसली की पुन्हा ऐकू येई. तिनं पलंगाच्या मागच्या भिंतीला कान लावला. आवाज पलीकडून, नवऱ्यानं घरामागे रचलेल्या दगडी भिंतीतून येत होता.

थेंबाचा आवाज नाही, असं ती म्हणाली होती. माझी जबाबदारी, असंही म्हणाली होती.

मावशी पुन्हा बसली. खोलीत कोणी नव्हतं, तरी तिनं पदर सारखा केला, कोणाच्या घरी जाऊन बोलायचं असलं की करतात तसा.

“बाई,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही खालीच राहणार होता. पिशवी ठेवली होती तुम्ही. मी तुम्हाला वर पाठवलं. आणि तुमच्या भावाला मी खोटं सांगितलं.”

आवाज थांबला. मावशी बसलेलीच होती, हललीसुद्धा नव्हती, तरी थांबला. त्या शांततेत तिच्या शेजारी गादी हळूच खाली दबली, कोणी टेकावं तशी, आणि तशीच राहिली.

मावशी किंचाळली नाही. ती डोळे मिटून बसून राहिली. किती वेळ ते तिला कधीच सांगता आलं नाही. मग गादी वर आली आणि भिंतीतलं पाणी पुन्हा वाजायला लागलं, आता मोठ्यानं, घाईत असल्यासारखं. मावशी उठली, काकांना काही न सांगता गुडघ्यांची पर्वा न करता पायऱ्या उतरली आणि नवरा जिथे काम करत होता त्या बांधावर जाऊन त्याच्या उजव्या कानात ओरडली.

“तुमच्या भिंतीत पाणी आहे!”

या गोष्टीला मात्र त्यानं उत्तर दिलं. दुपारी दोघं वर होती. त्यानं घरामागे जाऊन आपलीच भिंत डोळ्यांच्या रेषेत धरून बघितली, मग तळवा टेकवला आणि लगेच काढून घेतला.

“पोट सुटलंय,” तो म्हणाला. “मागे झरा फुटलाय. भिंत पुढे आलीय वीतभर. काका, सामान उचला. आत्ता.”

काका तयार होईनात. “मी कुठे जाऊ? आणि ती आली तर? तिचं अंथरूण?”

गवंडी मावशीकडे बघत राहिला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि त्यानं विचारलंही नाही. मावशी आत गेली. तिनं कपाटातून धुतलेली, तिच्याच हातची चादर काढली, पलंगावर अंथरली, चारी कोपरे गादीखाली खोचले, तांब्या भरून ठेवला.

“चला, काका,” ती म्हणाली. “आजची रात्र त्यांना एकटीला राहू द्या. घर त्यांचं. आपण उगाच मधे कशाला?”

काका उठले. पत्र्याची पेटी गवंड्यानं डोक्यावर घेतली. उतरताना काकांनी एकदाही मागे बघितलं नाही, पण प्रत्येक वळणावर ते थांबत होते, मागून येणाऱ्याला वाट द्यावी तसे.

त्यांना ठेवायचं कुठे, हा प्रश्न आला तेव्हा मावशी नणंदेकडे गेली. नणंदेनं काही न विचारता मागची खोली उघडली. चादर नवीन होती, घडीच्या रेघा अजून तशाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मावशी ओट्यापाशी उभी असताना डोंगरातून आवाज आला. मोठा नव्हता. जड माणूस झोपेतून उठताना उसासा टाकतो तसा. वर बघितलं तर भिंत बसली होती, आणि पोस्टमनकाकांच्या घराची मधली खोली जागेवर नव्हती. दोन्ही बाजूंच्या खोल्या उभ्या होत्या आणि मधे नुसतं आभाळ होतं.

कोणी मेलं नाही. तासाभरानं माणसं वर पोहोचली तेव्हा लोखंडी पलंग तीन पायऱ्या खालच्या खाचरात, पाण्यात आडवा पडलेला होता. गवंडी कमरेइतक्या चिखलात उतरला. गादी भिजून दगड झाली होती. चादर अजून खोचलेलीच होती. मावशीनं खोचलेले चारही कोपरे सुटले नव्हते. त्यानं ती ओढून काढली आणि मागाहून चढत येऊन बांधावर उभ्या राहिलेल्या मावशीच्या हातात दिली. चादर चिखलानं लडबडलेली होती. मधे मात्र, कुशीवर झोपलेल्या माणसाएवढी जागा, पांढरीशुभ्र होती. मावशीनं तिथे हात ठेवला. कोरडी होती, आणि कोमट. बाकीचे जवळ येण्याआधी मावशीनं चादरीची गुंडाळी केली आणि काखेत घेतली.

दुसऱ्या दिवशी माती उपसताना बाई सापडली. घराच्या अगदी मागे, गवंड्यानं रचलेल्या भिंतीच्या पलीकडे हातभर अंतरावर. बूट पायांत होते. ती रानात गेलीच नव्हती. घरामागे उभी होती, तेव्हाच दरड तिच्यावर आली असणार. चौकीवरची माणसं आली, त्यांनी लिहून घेतलं, भावाला कळवलं. गवंडी त्या ढिगाऱ्याजवळ दिवसभर बसून होता. अकरा दिवस तो तिच्यापासून हातभर अंतरावर दगड बसवत होता, हातोडी वाजवत होता, बिडी ओढत होता.

“तिनं हाक मारली असेल का गं?” संध्याकाळी त्यानं विचारलं. “मला ऐकू नसेल आलं.”

“आठ दिवसांनी लागलात तुम्ही कामाला,” मावशी म्हणाली. “तेव्हा हाक मारायला कोणी नव्हतं.”

तिला स्वतःला याची खात्री नव्हती, पण नवऱ्याला तेच सांगायला हवं होतं.

भाऊ आला. त्याचे केस दोन वर्षांत पिकले होते. सगळं आटोपल्यावर तो टाकीपाशी आला, तेव्हा मावशीनं ओले हात पुसले आणि त्यानं काही विचारायच्या आत सांगून टाकलं.

“ती खोली त्यांनी नव्हती निवडली. त्या खालीच राहणार होत्या. चढवत नाही म्हणाल्या होत्या. मीच गळ घातली.”

तो ओट्याच्या कडेला टेकला.

“मला तेव्हाच कळलं होतं,” तो म्हणाला. “आमची ताई दुसऱ्या मजल्यावर जायलाही कुरकुरायची. आपण होऊन साडेतीनशे पायऱ्या कशी चढेल?”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर काय झालं असतं? पण तुमचा राग आला होता. अजून आहे थोडा.” मग त्यानं विचारलं, “तिला आवडली होती का खोली?”

मावशीनं त्याला नणंदेच्या मागच्या खोलीत नेलं आणि काकांसमोर बसवलं. काकांनी त्याला ती सकाळ सांगितली, खिडकी, चहा गार होणं, खाचरांतलं पाणी. भावानं ती दोनदा सांगायला लावली. चादरींबद्दल त्याला कोणी काही सांगितलं नाही.

काका नणंदेकडेच राहिले. गरम पाण्यावरून दोघांची रोज जुंपते, आणि पाहुणे उठून भांडण ऐकायला ओसरीवर येतात. काका आता हौसेनं सगळ्यांच्या चादरी बदलतात आणि नणंद ‘माझ्या घरात माझंच चालत नाही’ असं गावभर सांगत हिंडते. मावशीला कोणी खोलीबद्दल विचारलं, तर ती आता उत्तर देते. आधी त्या खोलीत काय वाईट आहे ते सांगते, मग काय बरं आहे ते, आणि मग म्हणते, “पुढचं तुम्ही ठरवा. मला विचारून झोपू नका.”

गवंडी अजून बांध रचतो. पण पहिला दगड ठेवण्याआधी तो उजवा कान मातीला लावतो आणि जोरात विचारतो, “आत कोणी आहे का?” मग बऱ्याच वेळानं उठतो. सुरुवातीला बरोबरचे मजूर हसायचे. एकदा लावणीच्या दिवसांत, एका जुन्या बांधापाशी, त्यानं असंच विचारलं, कान लावला, आणि उठून कोणाशी काही न बोलता सामान गोळा केलं. बांध चार पावलं अलीकडून घेतला. त्यानं काय ऐकलं ते कोणी विचारलं नाही. ती चार पावलं जमीन तशीच पडीक आहे, आणि तिच्या मालकानंही आजवर हरकत घेतलेली नाही.